महामार्ग झाला म्हणून एसटी बंद करायची?

"मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाला की कोकणाला एसटी नको, रेल्वे नको, फेरीबोट तर नकोच. घरोघरी गाड्या आहेत." हा मेसेज हल्ली सगळीकडे फिरतोय. परवा तो मावशीने मला पाठवला, खाली "खरं आहे ना रे?" असं विचारून. पंच्याहत्तरी ओलांडलेली मावशी रत्नागिरीला डोळे दाखवायला एसटीनेच जाते. नाही गं मावशी, अजिबात खरं नाही.

"एसटी रिकामी धावते, खेड्यांतल्या फेऱ्या बंद करा." सगळ्यात घातक मुद्दा हाच. दुपारची एखादी फेरी रिकामी दिसते, पण सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. ती बंद केली तर वाडीवरच्या मुली शाळेत कशा पोचणार? सुक्या मासळीची टोपली घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला आपल्या गाडीत कोण घेणार? घरोघरी दिसतात त्यातल्या कितीतरी गाड्या चाकरमान्यांच्या. गणपती झाले की परत मुंबईला. इथे राहणाऱ्यांत म्हातारी माणसं आणि बायका जास्त. 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट आहे, बायकांना 2023 पासून निम्मं तिकीट. त्यांनी कशाने जायचं, यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. केंद्राचं 2006 चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण सांगतं की रस्त्याची जागा वाटताना वाहनं नाही, माणसं बघा. धोरण शहरांसाठी आहे, मान्य. पण पर्याय नसलेल्या गावाला तर ते जास्तच लागू आहे.

"स्टेशनं लांब, म्हणून रेल्वे निरुपयोगी." लांब आहेत, हे कबूल करावंच लागतं. रत्नागिरीचं स्टेशन शहराबाहेर कुवारबावला, राजापूर रोड तर गावापासून चांगलंच दूर. पहाटे बोचकी घेऊन उतरलेला माणूस रिक्षावाला मागेल ते देतो. मग रेल्वेला जोडून एसटी द्या ना! रेल्वे लेट झाली तर एसटी थांबली पाहिजे. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालतात, वेळापत्रक बदलतं. त्याच दिवसापासून आगाराच्या वेळाही बदलायला हव्यात.

"फेरीबोट म्हणजे पर्यटकांची मजा." दाभोळ-धोपावे फेरी 2003 पासून चालू आहे. ती नसेल तर दापोलीहून गुहागरला चिपळूणवरून वळसा.

आणि महामार्ग? तो व्हायलाच हवा, कधीच व्हायला हवा होता. पण दापोली, गुहागर, देवगड, मालवण यांतलं एकही गाव त्याच्यावर नाही.