करंटाची वाट पाहणाऱ्या करंट्यांना

आमच्या शिवारातला टीसी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून आज अकरावा दिवस. खेड्यात जळलेला टीसी ७२ तासांत बदलायचा असा नियम आहे, पण ते ७२ तास कुणाच्या घड्याळाचे हे बहुतेक लिहायचं राहून गेलं असावं. विहिरीत पाणी आहे, वाफ्यात कोबी वाळतोय आणि मधे मी रिकामा बसलोय. तेव्हा म्हटलं, कर्नाटकात राहिलेल्या सीमाभागातल्या बंधुभगिनींना चार युक्तीच्या गोष्टी सांगाव्यात.

लाईट गेल्यावर फोन करू नये. केलाच, तर पलीकडून 'वरूनच गेलीय' असं ऐकून गुमान ठेवून द्यावा. 'वर म्हणजे कुठं?' हे विचारणं असभ्यपणाचं आहे. मी तो केला, म्हणून सांगतो. वर म्हणजे सबस्टेशन. त्याच्या वर राज्यभराची वीज वाटणारं बेंगळूरचं लोड डिस्पॅच सेंटर. आणि सगळ्यांच्या वर विजेचा बाजार. तिथं दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करतात आणि दर तुकड्याला नवा भाव फुटतो, आपल्या एपीएमसीत मिरचीला फुटतो तसा. दुपारी पावगड्याच्या २,०५० मेगावॉटच्या सोलर पार्कवर ऊन रखरखतं तेव्हा वीज स्वस्त. दिवेलागणीला ऊन जातं, घराघरांत बटणं दाबली जातात आणि युनिटचा भाव दहा रुपयांच्या कमाल मर्यादेकडं धावतो. तारेतला करंट मात्र सदोदित ५० हर्ट्झच्या आसपास तोलून धरायचा असतो. तोल जायला लागला की गाडीवरचं ओझं उतरवावं लागतं. आधी काय उतरवायचं? जे ओरडत नाही ते. म्हणून 'वरून' जाते ती तुमची-माझी.

घरात लग्न-मुंज असेल तर डिसेंबरात धरा. बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू असतं तेवढे दिवस डोळ्याचं पातं लवेल, पण लाईट लवत नाही.

कर्नाटक सरकारच्या गृहज्योतीबद्दल, म्हणजे घरच्या फुकट विजेबद्दल, तक्रार करू नये. २०० युनिटांपर्यंत फुकट म्हणजे सरसकट २०० नव्हे. २०२२-२३ मधली तुमची सरासरी, वर साधारण दहा टक्के. त्या वर्षी आमच्या आईने 'उगाच कशाला जाळायचं' म्हणून पंखे बंद केले होते. पुढच्या जन्मी २०२२-२३ साल आलं की सगळे पंखे चालू ठेवून गावाला जायचं ठरवलंय.

ऊस जरूर लावा. तुमच्याच उसाचा चोथा जाळून कारखाना वीज करतो, ती वीज विकली जाते आणि तारेवरून तुमच्या डोक्यावरून निघून जाते. नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. पाणी पाजायला तुम्ही रात्रीचे उठा.

आता उठण्याचंच सांगतो. शेताला मोटार चालवणारी थ्री फेज वीज सात तास. आमच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनातून आमच्याकडं येणाऱ्या लाईनला, त्यातले चार दिवसा आणि तीन रात्री, एक ते चार. दिवसाचे चार कधी अडीच होतात ते सोडा. रात्री बॅटरी, काठी आणि मोबाईलवर मोठ्यानं लावलेलं भजन घेऊन निघावं. भजन देवासाठी नाही, अस्वलासाठी. खानापूरच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. भात पिकायला आला की हत्तीही येतात, त्यांना थ्री फेज लागत नाही. एवढं नको असेल तर करंट आला की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर बसवा. सगळ्यांनी बसवलाय. रात्री एकला करंट येतो, शिवारातल्या एकूण एक मोटारी एका क्षणाला उठतात, आणि मोटार उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. आमचा टीसी ६३ केव्हीए ताकदीचा. त्या रात्री एक वाजून दोन मिनिटांनी मोठा आवाज झाला आणि तेलाचा वास घरापर्यंत आला.

अरे, मग दुपारी उन्हाची वीज स्वस्त असते तर सातही तास दुपारीच का नाही देत? काही फीडरना देतात की! आम्हाला का नाही? दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा, निम्म्या मोटारी आधी, निम्म्या नंतर. यात काय रॉकेट सोडायचंय? २०२३ साली पाऊस दडी मारून बसला तेव्हा कर्नाटकानं उत्तर प्रदेश आणि पंजाबकडून वीज उसनी आणली, पावसाळ्यात फेडायच्या बोलीवर. शेजारणीकडून साखर आणावी तशी! तेवढं जमतं. विहिरीवर दिवसा करंट जमत नाही.

मी टीसीसाठी अर्ज घेऊन वीज ऑफिसात गेलो. साहेबांनी वर न बघता सांगितलं, "कन्नडदाग बरीरी." मला क्षणभर वाटलं, बरी आहे म्हणतायत, म्हणजे काम झालं. लिहून आणा म्हणत होते. मुलीनं कन्नडमध्ये लिहून दिला, परत गेलो. आता टीसी आणायला ट्रॅक्टर तुमचा लागेल म्हणाले. तोही देतो म्हटलं. मग शेवटचं उत्तर आलं, जे सगळ्यांना येतं : "पंपाचा करंट फुकटच आहे की, मग एवढी घाई कशाला?"

पलीकडं महाराष्ट्रात, चंदगडच्या पाहुण्यांना फोन करून रडू नका. तेही रात्रीच रानात असतात. माणसांचा सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तारांचा ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर लाईननं दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडून सुटला.

पुरे झाली थट्टा. फुकट आहे म्हणून मुस्काट दाबून घ्यायला आपण कुणाचं काय खाल्लंय? १० एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल सरकार भरतं, म्हणजे आपल्याच करातून जातं. कोबी वाळला तर तो कोण भरणार? आणि तुम्ही, पारावर बसून बोर्डाला शिव्या देणारे, तुम्हालाही सांगतो. त्या टीसीवर मंजूर मोटारी बारा, चालतात एकोणीस. पाच एचपी मंजूर करून साडेसातची बसवलेली कुणाची, ते मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. मोटारीनं लाईनीतून कमी करंट ओढावा यासाठी कपॅसिटर बसवा म्हणून दोनदा घरोघर फिरलो, तीन जणांनी बसवले. आकडे टाकून घेतलेला करंट जातो तो माझ्या कोबीच्या वाटणीचा.

उद्या दहाला मी पुन्हा ऑफिसात चाललोय. यायचं त्यानं यावं. येणार नसाल तर नवा टीसी बसायच्या आत आकडे तेवढे काढून ठेवा.