जाऊ द्या ना ताई!

काल संध्याकाळी पावणेआठ. ठाणे स्टेशनबाहेर लोकमान्यनगरच्या शेअर रिक्षाची रांग, रांगेत मी सहावी. ऑक्टोबरचा उकाडा, खांद्याला पर्स, हातात मान टाकलेली मेथीची जुडी, डाव्या गुडघ्यात नेहमीची कळ. सहावी म्हणजे दुसरी रिक्षा नक्की. हा हिशोब तिथे उभा राहणारा प्रत्येकजण मनातल्या मनात करतो. मीही केला होता, आणि दिवसभरात पहिल्यांदाच जरा बरं वाटत होतं.

तेवढ्यात ते काका आले.

सरळ येऊन घुसले असते तर एवढी चिडलेही नसते. पण पद्धत बघा. आधी रांगेपासून हातभर लांब, मोबाइलमध्ये डोकं घालून उभे. मग चौथ्या माणसाला, "लोकमान्यनगरचीच ना ही?" समोर रिक्षावाला "लोकमान्य, लोकमान्य" करून घसा फोडतोय, तरी विचारायचं. बरं, विचारलंत, उत्तर मिळालं, आता मागे जा! नाही. डावा खांदा आत. मग मिठाईच्या दुकानाची पांढरी पिशवी आत. मग उजवा पाय. मिनिटभरात काका पाचवे, आणि चेहरा असा की सकाळपासून इथेच तपश्चर्या चाललीये.

त्यांच्या बरोब्बर मागे एक कॉलेजची मुलगी. तिने वर बघितलं आणि परत रीलमध्ये गेली.

मी म्हटलं, "काका, रांग मागून आहे."

"मी इथेच होतो मघाशी."

"इथे म्हणजे कुठे?"

"अहो इथेच. सुट्टे आणायला गेलो होतो."

आता मी चढले. म्हटलं, सुट्टे आणायला गेलात तेव्हा तुमच्या जागी काय दगड ठेवून गेला होतात? तर काका शांतपणे, "ताई, दोन मिनिटांनी काय फरक पडतो?" हे वाक्य मला कुणी म्हटलं की डोक्याची शीर ताडताड उडते. पडत नाही ना फरक? मग तुम्ही थांबा की दोन मिनिटं!

आणि मागून आवाज आला. रांगेतला आठवा, बॅकपॅक पोटावर घेतलेला सज्जन. "जाऊ द्या ना ताई."

मला ताई. मला जाऊ द्या. घुसणाऱ्याला कुणी काही नाही, आणि बोलणारी बाई भांडखोर. सगळी रांग माझ्याकडे बघतेय, जणू मीच तमाशा लावलाय. काकांकडे एकही माणूस बघत नव्हता. अशा वेळी काय करायचं असतं ते मला पन्नाशी आली तरी कळलेलं नाही. मी मेथी या हातातून त्या हातात घेतली.

हे 'जाऊ द्या'वाले सगळीकडे असतात. एस्कलेटरवर आडवे उभे राहून गप्पा मारणाऱ्यांना, जाऊ द्या. लोकलमध्ये स्पीकरवर रील लावून मांडीवर मोबाइल ठेवणाऱ्यांना, जाऊ द्या. आमच्या मजल्यावर समोरच्यांनी पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवलं, मग कपाटावर कुंडी, मग कुंडीशेजारी लेकाची सायकल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तर सेक्रेटरी म्हणे, शेजारधर्म असतो वहिनी. हा शेजारधर्म नेहमी माझ्याच पदरात का येतो? आणि ते लग्नपत्रिकेवरचं 'कृपया आहेर आणू नये'. छापणाऱ्यालाही माहीत, वाचणाऱ्यालाही माहीत. मी एकदा, फक्त एकदा, छापील शब्दावर विश्वास ठेवून रिकाम्या हाताने गेले होते. स्टेजवर माझ्या पुढे-मागे सगळ्यांच्या हातात पाकिटं. आजही त्या वधूच्या आत्याची नजर आठवली की घाम फुटतो.

आणि मजा बघा. याच माणसांना नियम पाळता येत नाहीत असं नाही. आमच्या लेडीज डब्यात या. तिघींच्या बाकावर चौथी बसणार, हे रेल्वेने कुठे लिहून ठेवलंय? पण तुम्ही नुसतं "जरा सरका ना" म्हणा, तिघी सरकतात. बसलेलीला "कुठे?" विचारायचं, ती "मुलुंड" म्हणाली की ती सीट तुमची. मुलुंडला ती उठताना दुसरीच कुणी टेकली तर अख्खा डबा तिला सोलून काढतो. तिथे पोलीस नाही, दंड नाही. आहेत त्या रोजच्या बायका. त्याच उद्या सकाळी त्याच गाडीला त्याच डब्यात भेटणार आहेत, हे प्रत्येकीला पक्कं ठाऊक. रिक्षाच्या रांगेतल्या काकांना माझं तोंड परत बघायचं नव्हतं, म्हणून त्यांचं फावलं.

घरी आले ती चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले. लेक टीवायला आहे, सायकॉलॉजी घेतलंय. तिने शांतपणे ऐकून घेतलं (मेथी मीच निवडत होते, हे नोंदवून ठेवा) आणि म्हणाली, "आई, यावर प्रयोग झालाय." स्टॅनले मिलग्रॅम म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने न्यूयॉर्कमध्ये १२९ रांगांमध्ये मुद्दाम माणसं घुसवली. १९८६ साली त्यावर रिसर्च पेपर आला. धक्का मारून वगैरे बाहेर काढलं ते दहातल्या एखाद्याच रांगेत. आणि घुसणाऱ्याच्या लगेच मागे गप्प उभी राहणारी माणसं त्याने आपलीच ठेवली, तेव्हा बाकीच्यांचा विरोध आणखी मावळला. "त्या गप्प माणसाला बफर म्हणतात. तुझी ती कॉलेजची मुलगी."

मी म्हटलं, बघ! म्हणजे मी बरोबर.

मग म्हणाली, याच मिलग्रॅमने सत्तरच्या दशकात विद्यार्थ्यांना सबवेत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, पाठवलं होतं, काही कारण न देता लोकांची बसलेली जागा मागायला. निम्म्याहून जास्त लोक उठले किंवा सरकले. पण मागणाऱ्यांचीच हालत खराब झाली. खुद्द मिलग्रॅमच्या घशातून शब्द फुटेना. मी हसले. म्हटलं, पाठवायचं होतंस त्याला आठ सतराच्या लोकलला, आठवड्यात घसा मोकळा झाला असता.

तर कार्टी म्हणते, "आणि गेल्या गुरुवारी तू देशपांडे काकूंना रांगेत पुढे घेतलंस, ते?"

हो. घेतलं होतं. त्या "अगं बाई, तू भेटलीस!" म्हणत आल्या, मी जरा सरकले. ओळखीच्या आहेत, मागे जा कसं सांगणार? मागे दहाजण होते. कुणी काही बोललं नव्हतं, आणि मला ते अगदी साहजिक वाटलं होतं.

तेव्हा मी मेथीत डोकं घातलं. पण लेकीचं संपलेलं नव्हतं. "आई, तू सहावी होतीस, सातवी झालीस. मग रिक्षा कुठली मिळाली?"

दुसरीच. कारण रिक्षाला परवानगी तीन प्रवाशांची, आणि आम्ही बसतो चार. मागे तीन, एक पुढे ड्रायव्हरला चिकटून, अर्धा बाहेर. नियमाने तीनच बसले असते तर सातवी मी राहिले असते तिसऱ्या रिक्षेला. काकांमुळे प्रत्यक्षात रिक्षा गेली ती एकाच माणसाची. 'जाऊ द्या ना ताई'वाल्या आठव्याची. तो नववा झाला. निघताना मी वळून बघितलं, तो बॅकपॅकची चेन उघड-बंद करत उभा होता. मला किती गारवा वाटला ते इथे लिहीत नाही.

लेकीला एक मात्र सांगितलं नाही. काका त्याच रिक्षात होते. मध्ये ते, कडेला मी, त्यांची मिठाई माझ्या मेथीला टेकलेली. लोकमान्यनगर येईपर्यंत दोघंही समोर बघत. उतरायच्या आधी त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढली, ड्रायव्हरकडे बघितलं, त्याने मान हलवली. मग काका माझ्याकडे वळले.

"ताई, सुट्टे आहेत का?"

होते. दिले.