टपरी नव्हे, ताव्हेर्ना

नमस्कार,

नाक्सोस या ग्रीक बेटावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘नाक्सोसला जाऊन एका टपरीवर साडेतीन तास बसलात, पोर्टाराला मात्र दोन ओळी. वेटरने बिलासाठी ताटकळत ठेवलं, त्याचंही कौतुक! आणि उन्हात टांगलेला ऑक्टोपस म्हणजे शिळंच की.’ राग नाही आला, पण उत्तर देते. तुम्ही टपरी म्हणता ती ताव्हेर्ना, म्हणजे तिथली साधी खाणावळ.

पोर्टाराचं मान्य. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या अपोलोच्या देवळाची ती संगमरवरी चौकट. दोन ओळींत उरकायला नको होती.

बिलाचं मात्र नाही. आम्ही ते मागितलंच नव्हतं, आणि न मागता बिल पुढे ठेवणं म्हणजे तिथे ‘उठा आता’ म्हणणं. आपल्याकडे दुपारी दीड वाजता उडप्याकडे शेवटचा घास तोंडात असतानाच बडीशेपेबरोबर बिल येतं, कारण मागे चार माणसं आपल्या ताटाकडे बघत उभी असतात. नाक्सोसच्या आयिया आन्ना किनाऱ्यावर झाऊच्या सावलीतलं टेबल दीडला मिळालं ते पाचपर्यंत आमचंच. शिवाय ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० ही कायद्यानेच शांततेची वेळ. सगळं गाव वामकुक्षीत, आम्ही त्या उन्हात जाणार कुठे?

ऑक्टोपस बोंबलासारखा खडखडीत वाळवत नाहीत हो. काही तास दोरीवर टाकला की त्यातलं पाणी उतरतं, मग निखाऱ्यावर तो स्वतःच्याच पाण्यात शिजत न बसता नीट भाजला जातो. आमच्या ताटात आला तेव्हा टोकं काळी, कुरकुरीत, आत मऊ. वर नुसतं ऑलिव्हचं तेल आणि लिंबू.

तुम्ही ज्याचा उल्लेखही केला नाही ती फावा खरं तर त्या दुपारचा कळस. पिवळ्या डाळीचा घट्ट लगदा, वर कच्चा कांदा आणि तेलाची धार. नवरा भंडाऱ्याचा. पहिल्याच घासाला म्हणाला, ‘अगं, ही तर लाखोळी!’ लाखोळी म्हणजे लाखेची डाळ. मी हसले, पण तो फारसा चुकला नव्हता. सांतोरिनी या दुसऱ्या ग्रीक बेटाची नावाजलेली फावा ज्या दाण्याची, तो आपल्या लाखोळीचा चुलतभाऊ. आपल्याकडे ती खाऊन पाय लुळे पडतात म्हणून लाखोळीच्या विक्रीवर कित्येक वर्षं बंदी होती, आणि तिथे हा चुलतभाऊ पाहुण्यांपुढे मानाने येतो. त्यानंतर तासभर सासूबाईंच्या लाखोळीच्या वड्यांवरच बोलणं चाललं होतं. साडेतीन तास असे जातात.

तुमच्या नजरेतून सुटलेली माझी चूक मीच सांगते. तिथे मेनूवर माशाचा भाव किलोचा असतो. आत फ्रिजपाशी नेऊन मासा निवडायला लावतात, तुमच्यासमोर वजनकाट्यावर ठेवतात. मी माशाचे डोळे ताजे आहेत का तेवढं पाहिलं, वजनकाटा पाहिलाच नाही. बिल शेवटी मागितलं, तर ते कलिंगडाच्या फुकट फोडींबरोबर लगेच आलं. समजून घ्यायलाच काय तो वेळ लागला.