शक्तिमान तलावपाळीवर भेळ का खातो : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल पुन्हा दोनदा वाचली. तिन्ही भाग मन लावून वाचल्याशिवाय इतकं सविस्तर कुणी लिहीत नाही, त्याबद्दल आधी मनापासून आभार. उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून वेगळं लिहायला घेतलं.

आधीचं ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'शक्तिमान' मालिका रोमँटिक कॉमेडी म्हणून नव्याने मांडायची, अशी एक कथामाला मी इथे लिहिते आहे. पात्रं तीच, गाव मात्र ठाणे. गंगाधर, म्हणजे साध्या माणसाच्या वेषात लपलेला सुपरहिरो शक्तिमान, फोटोग्राफर; गीता विश्वास बातमीदार; दोघं एकाच वर्तमानपत्रात, आणि तिला त्याचं हे गुपित ठाऊक नाही. पहिल्या भागात ती दोघं तलावपाळीवर भेळ घेतात, तेवढ्यात गंगाधरला लांबून कुणाची तरी हाक ऐकू येते. 'पाकीट ऑफिसात राहिलं' असं काहीतरी पुटपुटत तो पळतो आणि गीता दोन हातांत दोन पुडे धरून कठड्याशी उभी राहते. भेळ मऊ पडते. तो काही येत नाही.

त्यावर दादांनी लिहिलं की शक्तिमानने आमच्या पिढीवर संस्कार केले, त्याला भेळ खाताना दाखवून तुम्ही त्याची टिंगल केलीत. तो योगी आहे, त्याला प्रेमात पाडणं हा त्याच्या तपश्चर्येचा अपमान आहे. गीताला उगाच मोठं केलंय. किल्विषला, मालिकेतल्या मुख्य खलनायकाला, तर पार निकालात काढलाय. आणि शेवटी, 'ठाण्यात कसला सुपरहिरो?'

टिंगलीचा आरोप मला लागला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

13 सप्टेंबर 1997 ला मालिका सुरू झाली तेव्हा मी चौथीत होते. आम्ही नौपाड्यात एका जुन्या चाळवजा इमारतीत राहायचो, मजल्यावर टीव्ही दोन, त्यातला एक आमच्याकडे. मालिका रविवारी दुपारी बाराची झाल्यापासून आमच्या बाहेरच्या खोलीत दहा-बारा पोरं मांडी घालून बसलेली असायची. मागच्या रांगेला नीट दिसावं म्हणून पुढच्यांनी डोकी खाली घालायची, असा नियम होता. चूक कबूल करत 'सॉरी शक्तिमान' म्हणायची वेळ आमच्यातल्या प्रत्येकावर कधी ना कधी आली आहे. त्यामुळे तुमच्या मनात त्याची जी जागा आहे, तीच माझ्याही आहे. ज्याची टिंगल करायची त्याच्यावर माणूस तीन आठवडे रात्री जागून लिहीत नाही.

आता त्याच खोलीतला एक रविवार सांगते, कारण माझी कथामाला तिथूनच आली आहे.

बाबा बोर्डात लाइनमन होते. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. मालिका रंगात आलेली, आणि लाइट गेली. फक्त आमची नाही, अख्ख्या गल्लीची. पोरांनी एकदम कालवा केला. बाबा जेवायला बसणारच होते, आईने भात वाढलेलाही होता. खालून दोघं-तिघं हाका मारायला लागले, तसे ते उठले, पक्कड घेतली आणि कोपऱ्यावरच्या डीपीकडे, गल्लीच्या विजेच्या पेटीकडे, गेले. आम्ही गॅलरीत ओणवे होऊन बघत होतो. वीस मिनिटांत लाइट आली, सगळी पोरं ओरडली, 'काका शक्तिमान!' आणि पुन्हा टीव्हीपुढे जाऊन बसली.

बाबा वर आले. आईने ताट झाकून ठेवलं होतं. ते बसले आणि म्हणाले, "चमचा दे गं जरा."

माझ्या बाबांनी आयुष्यात वरणभात चमच्याने खाल्ला नव्हता. आई म्हणाली, "काय हो, चमचा कशाला आज?" बाबा म्हणाले, "साहेब लोक खातात ना, बघावं म्हटलं कसं लागतं ते." आई खळखळून हसली. मग हसता हसता थांबली, उठून गॅलरीत गेली, कुंडीतल्या कोरफडीचं एक पान मोडून आणलं आणि ताटाशेजारी ठेवलं. एक शब्द बोलली नाही. बाबांचा उजवा हात मांडीखाली होता. फ्यूज बसवताना ठिणगी उडून तीन बोटं भाजली होती, ती त्यांना कुणाला दाखवायची नव्हती.

मी दोघांच्या मध्ये बसले होते. पाठीमागे टीव्हीवर शक्तिमान गरगर फिरत होता आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हे इथे चाललंय ते त्याच्यापेक्षा मोठं आहे. यात विनोद होता, आई खरंच हसली होती. यात बाबांचा अपमान कुठे होता, दादा? त्यांच्या धाडसाला त्या हसण्याने कुठे उणेपणा आला? उलट पोरांनी त्यांना शक्तिमान म्हटलं ते बाबा विसरून गेले असतील, पण कोरफड त्यांना शेवटपर्यंत आठवत होती.

माझ्या तिसऱ्या भागात गीताला गंगाधरच्या हाताकडे बघून संशय येतो, ते तुम्हाला 'न पटणारं' वाटलं. ते हे असं आलंय.

योगी आणि तपश्चर्येचा मुद्दा. मुकेश खन्नांनी शक्तिमानच्या आधी बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत'मध्ये भीष्म साकारले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो प्रतिज्ञेचा करारीपणा शक्तिमानमध्येही उतरला, हे मी मान्य करते. पण मूळ मालिका आठवून बघा. गीता शक्तिमानवर जीव टाकते आणि शेजारच्या टेबलावरच्या गंगाधरवर वैतागते. जाड भिंगांचा चष्मा, पुढे आलेले दात आणि आपलं पूर्ण नाव सांगताना पणजोबांपर्यंत पोचणारा तो पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री! हे सगळं मी घुसडलेलं नाही. रोमँटिक कॉमेडीची सगळी सामग्री तिथे मांडून ठेवलेलीच होती, मी फक्त ती ओटीवरून माजघरात आणली.

आणि हे आपल्याकडे नवीन आहे का? मला तर 'संगीत सौभद्र' आठवतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक 1882 साली पुण्यात रंगभूमीवर आलं. त्यातला नायक कोण? अर्जुन. गांडीवधारी, त्या काळचा सगळ्यात पराक्रमी वीर. आणि तो करतो काय? सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरतंय म्हणून व्याकूळ होतो, संन्याशाचा वेष घेतो आणि थेट तिच्या माहेरी येऊन राहतो. बलराम त्या यतीवर इतका प्रसन्न होतो की त्याच्या सेवेला सुभद्रेलाच नेमतो. ती अर्जुनासाठी झुरत असते आणि अर्जुन समोर बसलेला असतो. प्रेक्षकाला ठाऊक, कृष्णाला ठाऊक, तिला तेवढं ठाऊक नाही. गीता आणि गंगाधर यांच्यात वेगळं काय चाललंय? मी हे नाटक आजीबरोबर गडकरी रंगायतनला पाहिलं. आजी रोज सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणणारी, देवाधर्माच्या बाबतीत कडक. तीसुद्धा त्या यतीच्या लटपटी बघून पदराने डोळे पुसत हसत होती. घरी येताना म्हणाली, "अर्जुन झाला तरी काय, त्याचाही जीव गुंततोच की." सव्वाशेहून जास्त वर्षं मराठी माणूस अर्जुनाला असा प्रेमात धडपडताना बघतोय. त्याने अर्जुनाचं धनुष्य हलकं झालं नाही.

बाहेरचंही एक उदाहरण आहे, ते तुम्हाला पटेल असं वाटतं. सुपरमॅन पहिल्यांदा 1938 मध्ये चित्रकथेत आला. त्या पहिल्याच गोष्टीत क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेषातला सुपरमॅन, ऑफिसातल्या लोइस लेनला नाचायला घेऊन जातो. एक गुंड मध्ये घुसतो, क्लार्क घाबरल्याचं सोंग घेतो, आणि लोइस स्वतः त्या गुंडाच्या थोबाडीत देऊन, क्लार्कला भित्रा ठरवून तिथून निघून जाते. मग गुंड तिला पळवतात आणि सुपरमॅन त्यांची गाडी उचलतो. मुखपृष्ठावरचं ते गाडी उचलल्याचं जगप्रसिद्ध चित्र याच प्रसंगाचं आहे. म्हणजे सुपरहिरोची जी पहिली ताकद जगाने पाहिली, तिच्या मुळाशी एक फसलेली संध्याकाळ होती. पुढे 1993 ते 1997 अमेरिकेत 'लोइस अँड क्लार्क' ही मालिका चालली. नावातच लोइस आधी! तिथे उडण्या-बिडण्यापेक्षा ऑफिसातली नोकझोक जास्त असायची. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी क्लार्क लोइसला लग्नाचं विचारतो, तर तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला ती त्याचा चष्मा काढते आणि विचारते की मला हे विचारतंय कोण, क्लार्क की सुपरमॅन? त्या एका प्रश्नासाठी मी अख्खी मालिका पुन्हा बघायला तयार आहे.

कारण माझ्या सगळ्या कथामालेत मला म्हणायचंय ते या प्रश्नात आहे. लढाईच्या गोष्टीत नायकाच्या वाटेत खलनायक आडवा येतो. प्रेमाच्या गोष्टीत त्याच्या वाटेत त्याचं स्वतःचं खोटं आडवं येतं. गंगाधर डोंगर उचलेल, पण 'मी कुठे गेलो होतो' एवढं एक वाक्य त्याला गीतासमोर उचलत नाही. तिला धोका नको म्हणून लपवतो, असं तो स्वतःला सांगतो. मला त्याला विचारायचंय की बाबा रे, तू तिला वाचवतोयस की स्वतःला? तिने तुला भाजलेल्या बोटांसकट बघू नये, हीच तर तुझी भीती नाही ना? शक्तिमानला हा प्रश्न विचारायची हिंमत गंभीर गोष्टीत मला झाली नसती. विनोदाच्या आडोशाने तो विचारता येतो.

म्हणून गीता मोठी झाली आहे, दादा, उगाच नाही. हा प्रश्न विचारणारी दुसरी कोण आहे त्या गोष्टीत? तीही पत्रकार. शोध घेणं हे तिचं काम, आणि शेजारच्या टेबलावरचं सगळ्यात मोठं गुपित तिला कळू नये, हे मला लहानपणीसुद्धा खटकायचं.

ठाण्याबद्दल फार लांबड लावत नाही. जिथे माणूस लपूच शकत नाही अशा ठिकाणी गुपित ठेवायला लावलं की गोष्टीत जीव येतो. गोखले रोडवर कुणाबरोबर चालत गेलात तर तुम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असते. स्टेशनच्या पुलावर सकाळी सव्वाआठला ज्याला टाळायचं तोच समोरून येतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यालाच येऊन थांबली, तेव्हापासून हे गाव वाट बघणाऱ्यांचं आहे. कुणाची तरी गाडी यायची असते आणि कुणीतरी फलाटावर उभं असतं. गीताला मी दुसरीकडे कुठे उभी करणार?

आता किल्विष. इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि ते वाचल्यावर मला रात्री झोप लागली नाही. सुरेंद्र पाल यांचा तो आवाज आणि 'अंधेरा कायम रहे' ऐकलं की आम्ही पोरं एकमेकांचे हात धरायचो. मी त्याला सोसायटीच्या जिन्यातले दिवे बंद करायला लावणारा एक खडूस सेक्रेटरी केला. हशा आला, पण भीती गेली. आणि भीती गेल्यावर गंगाधर ज्या हाकेसाठी भेळ सोडून पळतो, त्या हाकेचं वजनही गेलं. मग गीता तिथे ताटकळत उभी राहते त्याला अर्थ काय राहिला? 'डीपी नसती तर बाबा नुसतेच चमच्याने जेवणारे झाले असते' असं काही तुम्ही अर्थातच लिहिलं नाहीत, ही गोष्ट तुम्हाला माहीतच नव्हती. पण तुमच्या तक्रारीचा अर्थ माझ्यापुरता तोच निघाला. ठिणगी खरी होती म्हणून कोरफड खरी होती.

तेव्हा तिसरा भाग मी उतरवला आहे आणि पुन्हा लिहायला घेतला आहे. किल्विषला पुन्हा अंधार करते आहे, आणि त्याचं खाद्य बदलते आहे. गंगाधर गीताशी जेवढं खोटं बोलेल तेवढा तो दाट होणार. 'पाकीट राहिलं' म्हटलं की तलावपाळीवरचा एक दिवा जाणार. 'आई आजारी आहे' म्हटलं की गडकरीपर्यंतचा रस्ता काळोखात जाणार. शक्तिमान जितक्या वेळा लढायला पळेल तितका शत्रू बळकट होत जाणार, आणि त्याला ते कळायला उशीर होणार. गीताला आधी कळणार. ती अंधारात कठड्याशी उभी आहे, तो परत येतो, आणि ती भेळेचा पुडा मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूने पुढे करते. तो डावा हात पुढे करतो. इथपर्यंत लिहून झालं आहे. यापुढे ती काय म्हणते ते अजून मला सापडलेलं नाही. आई असती तर काहीच म्हणाली नसती, पण गीता गप्प बसणारी नाही.

रविवारी दुपारी बारा वाजता टाकते. वाचून जे वाटेल ते असंच स्पष्ट लिहा.