न्यूट्रल-अर्थ जंपरची बाजू घेणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरच्या १५ अँपिअर सॉकेटवर इलेक्ट्रिक गाडी चार्ज करण्याबद्दलच्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: चार्जरच्या बॉक्सवर ‘अर्थ फॉल्ट’चा लाल दिवा यायचा. वायरमनने सॉकेटच्या मागे न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थमध्ये वायरचा तुकडा, म्हणजे जंपर, टाकला आणि गाडी चार्ज होऊ लागली. नंतर आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) रोज पडायला लागली म्हणून तीही काढली. न्यूट्रल डीपीवर जमिनीत गाडलेलाच असतो, मग घरात जोडला तर बिघडलं कुठे? अर्थिंगचा खड्डा आणि आरसीसीबीचा आग्रह म्हणजे लोकांना उगाच खर्चात पाडणं.

डीपीचा मुद्दा खरा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो हे बरोबर. पण तिथून तुमच्या सॉकेटपर्यंत तो खांबावरचे जोड, सर्व्हिस वायर, मीटर, मेन स्विच असा येतो आणि वाटेत सगळा करंट वाहून नेतो. यातला एखादा जोड ढिला होणं, पावसाळ्यात खांबावर जळणं, ही नेहमीची गोष्ट. समजा मीटरपाशी न्यूट्रल सुटला आणि घरात फ्रिज चालू आहे. फेज फ्रिजमधून घरातल्या न्यूट्रलवर येते, तिथून जंपरवाटे अर्थच्या पिनवर आणि तिथून गाडीच्या बॉडीवर. अर्थिंगचा खड्डा नसेल किंवा कमकुवत असेल तर करंटला पुढे पुरेशी वाट नाही, त्यामुळे एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) जागची हलत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी दाराचं हँडल धरलं की वाट मिळते. चार्जिंग चालू असायचीही गरज नाही. बॉक्समधला काँटॅक्टर (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) फेज आणि न्यूट्रल तोडतो, अर्थ तोडत नाही. गाडी फुल्ल होऊन नुसती प्लगला लावलेली असली तरी बॉडीवर व्होल्टेज येतोच.

ब्रिटनमध्ये घराच्या तोंडाशी न्यूट्रल-अर्थ एकत्र करण्याची पद्धत आहे, असा दाखला कुणीतरी देईलच. पण उघड्यावर गाडी चार्ज करायची असेल तर ही एकत्र तार तुटल्यास पुरवठा बंद करणारं संरक्षण, नाहीतर स्वतंत्र अर्थ इलेक्ट्रोड (जमिनीत गाडलेला पाइप किंवा सळई), हे तिथल्याही वायरिंगच्या नियमांत आहे.

आता बॉक्स नेमकं काय तपासतो ते बघू. गाडीकडच्या बाजूला टाइप-२ गनमध्ये (गाडीत लावायच्या प्लगमध्ये) कंट्रोल पायलट नावाची बारीक पिन असते. गन मोकळी असताना तिच्यावर १२ व्होल्ट असतात. गाडीतला २.७४ किलोओहमचा रेझिस्टर लागला की ते ९ होतात, आणि चार्जिंगला तयार झाल्यावर गाडीने १.३ किलोओहमचा दुसरा रेझिस्टर जोडला की ६. मग काँटॅक्टर बसतो. किती करंट घ्यायचा तेही याच तारेवर १ किलोहर्ट्झच्या पल्सच्या रुंदीतून कळतं: रुंदीचे टक्के गुणिले ०.६, म्हणजे २५ टक्क्यांना १५ अँपिअर. या संवादाची परतीची तार म्हणजेच अर्थ. त्यामुळे बॉक्स ते गाडी एवढ्या टप्प्यात अर्थ तुटली तर बोलणं थांबतं आणि पुरवठा लगेच तुटतो. इथे फसवाफसवी चालत नाही. भिंतीकडच्या बाजूला मात्र बॉक्स फक्त फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज बघतो. जंपर टाकला की ते ठीकच दिसतात. शिवाय युरोपातला शुको प्लग उलटाही बसतो, त्यामुळे फेज-न्यूट्रलची अदलाबदल चालवून घेणारे बॉक्स बरेच आहेत. आपल्याकडे सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे भेटणं काही दुर्मीळ नाही. अशा सॉकेटमध्ये जंपर टाकला तर थेट फेज बॉडीवर!

आरसीसीबी ‘उगाच’ पडत नव्हती. १५ अँपिअर वाहत असताना ३० मीटर लांब, ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या न्यूट्रलवर साधारण २ व्होल्ट पडतात. तुमच्याकडे अर्थची जुनी वायर असणार आणि खड्डा कमकुवत असणार. तो २० ओहमचा धरा. जंपरमुळे न्यूट्रलचा काही करंट त्या वाटेने जातो: २ भागिले २० म्हणजे १०० मिलीअँपिअर. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी यावर पडायलाच हवी. म्हणजे जंपर काढायचा सोडून आरसीसीबी काढली गेली.

आरसीसीबी का ठेवायची, त्याचा हिशेब असा. खड्डा चांगला, १० ओहमचा आहे असं धरा. फेज बॉडीला चिकटली तर करंट वाहील फार तर २३ अँपिअर. २० अँपिअरच्या सी-कर्व्ह एमसीबीला झटक्यात पडायला १०० ते २०० अँपिअर लागतात. २३ वर ती तासभरही तशीच राहू शकते. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी ०.३ सेकंदाच्या आत तोडते, आणि तिच्यासोबत ५० ओहमचा खड्डासुद्धा चालून जातो. म्हणूनच १ ओहमच्या मागे लागून खड्ड्यात पैसे ओतू नका, आधी आरसीसीबी घ्या. एसी टाइपची (फक्त एसी गळती ओळखणारी) नको, कारण गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती आली तर ती आंधळी होऊ शकते. बॉक्समध्ये ६ मिलीअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर ए टाइप पुरते, नसेल तर बी टाइप लागते.

खड्ड्यासाठी ४० मिमी व्यासाचा, अडीच ते तीन मीटर लांब जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप पुरतो. भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. मीठ पावसात वाहून जातं आणि जाता जाता पाइप खातं. कोकणातल्या जांभ्यात किंवा घाटावरच्या कातळात एवढी खोली मिळत नसेल तर दोन इलेक्ट्रोड त्यांच्या लांबीइतकं अंतर ठेवून बसवा आणि एकमेकांना जोडा.

सॉकेट गरम होतं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. जोडात नुसता ०.१ ओहम रोध असला तरी १५ अँपिअरला तिथे २२ वॅट उष्णता तयार होते, तीही सलग सात-आठ तास. निळं १६ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट बसवा.

विकत किंवा भाड्याने घेतलेल्या घरात असा जंपर आधीच आहे का, हे ओळखता येतं. गाडी पूर्ण करंटवर चार्ज होत असताना परवानाधारक वायरमनकडून त्याच वायरीवरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या. अर्थ खरी असेल तर लोडसोबत तो दोन-तीन व्होल्टने वर सरकतो. १५ अँपिअर वाहत असतानाही मीटर शून्यावरच राहिला तर सॉकेट उघडून मागे बघायला सांगा.