जॅकेट १९७१चं नाही

"जरा बाहेर येता का? तुमचं जॅकेट १९७१चं नाहीये."

गेल्या रविवारी एका परक्या गृहस्थाने मला हे सुनावलं आणि मी निमूट गाडीतून उतरलोही. राग अजून गेलेला नाही.

गाडी शेजारच्या आजोबांची. १९७१ची पोर्शे ९११ टी, पत्र्यापासून सीटच्या शिवणीपर्यंत नव्याने उभी केलेली. जर्मनीतल्या आमच्या स्टुटगार्टच्या कडेला असलेल्या सोलिट्यूड राजवाड्यापर्यंत चक्कर मारू म्हणाले. या भागातल्या रस्त्यांवर १९६५पर्यंत शर्यती व्हायच्या, त्यामुळे आजोबा दर वळणाला अधिकच रंगात. पोचल्यावर इंजिन चालूच ठेवून ते मागे गेले आणि ऑइलची पट्टी उपसून बघू लागले. या गाडीचं ऑइल इंजिन गरम आणि चालू असतानाच तपासतात.

तो आवाज ऐकून गृहस्थ अवतरले. भर दुपारी, हातात टॉर्च. आधी गुडघे टेकून गाडीखाली डोकावले, मग पत्रिका जुळवायला बसलेल्या गुरुजींच्या गांभीर्याने चौकशी सुरू.

"इंजिन मूळचंच?"

"मूळचंच. नंबर जुळतात."

"काचा?"

"त्याही."

"आणि हे स्क्रू?"

आजोबा गप्प. मग खालच्या आवाजात, "दोन बदलले."

"अस्सं," म्हणून गृहस्थांनी असा सुस्कारा सोडला की आजोबांची मान खाली गेली. मग टॉर्च माझ्या खिडकीशी आला. डॅशबोर्डवर फिरला, सीटवर फिरला, माझ्यावर थबकला. नंतर कुणीतरी बसवलेला, कारखान्याच्या नोंदीत नसलेला सुटा भाग असावा तसं त्यांनी मला न्याहाळलं. आणि फोटोसाठी मोबाइल काढत ते जॅकेटचं वाक्य.

बाहेर थंडीत उभं राहून मी हिशेब मांडला. माझी युरो ४ डिझेल गाडी प्रदूषणाच्या नियमामुळे २०१९पासून स्टुटगार्टात चालेना, म्हणून मिळेल त्या भावाला फुंकून टाकली. ही बया मात्र निळा धूर सोडत कुठेही जाणार, कारण नंबरप्लेटवर 'एच' आहे, म्हणजे ऐतिहासिक गाडी. तीस वर्षं उलटली, गाडी मूळ रूपात असली की शहरात शिरायला लागणारा कमी प्रदूषणाचा हिरवा स्टिकर माफ, कर वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट, वर सांस्कृतिक ठेवा म्हणून मान. मला इथे राहायचं तर दर वेळी कागदांची चळत. मी जुना होतोय त्याचं कुणाला काही कौतुक?

बरं, गाडी वाईट आहे असंही म्हणवत नाही. किल्ली स्टीअरिंगच्या डावीकडे. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पाठीमागून ती कोरडी घरघर वर वर चढत जाते, तेव्हा बोलणं आपोआप थांबतं. रेडिओ आहे. आजोबांनी तो कधी लावल्याचं ऐकिवात नाही.

फोटो झाल्यावर गृहस्थांना माझी दया आली असावी. "भारतात जपतात का अशी वाहनं?"

"वडिलांची चेतक होती. स्कूटर. तिरकी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही."

"मग?"

"भंगारात दिली."

टॉर्च विझला. "इंजिन मूळचं होतं?"

"हो."

ते आजोबांकडे वळून इथल्या स्वाबियन बोलीत भराभर काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही, पण दोघांनीही एकदमच माझ्याकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर आजोबा एक शब्द बोलले नाहीत. घरापाशी उतरताना एवढंच म्हणाले, "दार हळू."