दुबईच्या कागदांबद्दल आलेल्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार काका,

परदेशासाठी कागद तयार करून देणाऱ्या आमच्या दुकानाला तुम्ही एक स्टार देऊन तीन तक्रारी लिहिल्या आहेत. सूनबाईंची पदवी आणि लग्नाचा दाखला दुबईसाठी तयार व्हायला महिन्याहून जास्त वेळ लागला, शेजाऱ्यांच्या मुलाचं मस्कतचं काम मात्र झटपट झालं. सरकारी फी 50 रुपये असताना आम्ही हजारो घेतले. आणि सही केलेला स्टॅम्प पेपर तुम्ही आणून दिला तरी नोटरीचा शिक्का मिळाला नाही, सूनबाईंना चिपळूणहून एसटीने रत्नागिरीला यावं लागलं. फोनवर हे बोललो आहोत, तरी इथे सविस्तर लिहितो. परदेशी निघालेल्या प्रत्येक घराला हेच प्रश्न पडतात.

शेवटच्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण तिथे मी पुढेही हेच करणार आहे. सूनबाईंच्या पदवीवर माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचं. दोन्ही नावांची व्यक्ती मीच, असं त्यांनी शपथेवर सांगायचं होतं. ते सांगणारी व्यक्तीच समोर नसेल तर नोटरी शिक्का मारणार कशावर? 1952 चा नोटरी कायदा आणि त्याखालचे 1956 चे नियम आहेत, नोटरीच्या नोंदवहीत कागद करणाऱ्याची सही लागते, आणि शिक्क्याखाली 'माझ्यासमोर सही केली' असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे बसणारे वकीलसाहेब ते वाक्य खोटं लिहून देणार नाहीत आणि मी त्यांना तसं सांगणारही नाही. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की शिक्का मिळतो, अशी ठिकाणं आहेत, मला माहीत आहे. पण पुढे कधी चौकशी झाली तर परक्या देशात उत्तर सूनबाईंना द्यावं लागेल, शिक्का मारणाऱ्याला नाही. चिपळूणच्याच नोटरीसमोर सही करून कागद पाठवा, आम्हाला चालेल, हेही आम्ही त्याच दिवशी सांगितलं होतं. प्रवासाचा त्रास झाला हे मान्य, पण तो टाळायचा मार्ग खुला होता.

आता वेळेचं. मस्कत आणि दुबई दोन्ही आखातातच, पण कागदांच्या बाबतीत त्यांचे रस्ते वेगळे आहेत. 1961 चा हेग करार आहे. त्यात असलेल्या देशांत एकमेकांचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची सरकारी खूण, चालतो, वर दूतावासाचा शिक्का लागत नाही. भारतात तो 2005 पासून लागू आहे, ओमानमध्ये (मस्कत तिथलंच) 2012 पासून, सौदीत डिसेंबर 2022 पासून. यूएई, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तो, त्या करारात नाही. म्हणून शेजाऱ्यांच्या मुलाच्या कागदाचं काम परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलवरच संपलं. तुमचे कागद पुढे यूएईच्या दूतावासाकडे गेले.

त्याआधी पदवीची विद्यापीठाकडून पडताळणी होते, मग मुंबईला मंत्रालयात उच्च व तंत्र शिक्षण विभागाचा शिक्का, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय. लग्नाचा दाखला वैयक्तिक कागद, त्याचा विभाग वेगळा. राज्याचा टप्पा वगळून दिल्लीतल्या एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) शिक्क्यावर काम लवकर करून देतो असं कुणी म्हणालं, तर यूएईसाठी शिक्षणाचा कागद तसा देण्याआधी तो शिक्का तिथे चालेल का ते विचारून घ्या.

पण काका, सगळ्यात जास्त दिवस ज्यात गेले ते तुमच्या लिहिण्यात आलंच नाही. पदवी लॅमिनेट केलेली होती. शिक्के आणि स्टिकर मूळ कागदाच्या पाठीवर लागतात, प्लास्टिकवर नाही. ओढून काढायला गेलं तर शाई आणि सही प्लास्टिकबरोबर निघून येते, म्हणून आम्ही हात लावला नाही आणि विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज केला. ती हातात आल्यावरच पुढचं काम सुरू झालं. कोकणात घरोघरी प्रमाणपत्रं जिवापाड जपण्यासाठी लॅमिनेट करून ठेवतात, त्यामागची माया मला कळते. हे वाचणाऱ्या सगळ्यांना मात्र हात जोडून सांगतो, मुलांचे मूळ कागद साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

पैशांचं. तुम्ही म्हणता ते 50 रुपये परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलचे आहेत, आणि तुमच्या कागदांना अपोस्टिल लागलाच नाही. दूतावासासाठी जी साधी साक्षांकनाची (कागद खरा असल्याची) नोंद लागते तिला मंत्रालय फी घेत नाही. मंत्रालय खिडकीवर थेट कागद घेत नाही, ठरवून दिलेल्या एजन्सींमार्फत घेतं, त्यांचं शुल्क वेगळं. मोठी रक्कम यूएई दूतावासाची, आणि तीही प्रत्येक कागदाला स्वतंत्र. तुमच्या पावतीवर दूतावास, एजन्सी, विद्यापीठ, कुरिअर आणि आमची मजुरी अशा वेगळ्या ओळी आहेत. एखादी ओळ पटत नसेल तर पावती घेऊन या, मूळ चलन दाखवतो. ज्यांना स्वतः करायचं आहे त्यांनी आधी सरकारचं ई-सनद संकेतस्थळ पाहावं. कागद देणारी संस्था तिथे जोडलेली असेल तर परराष्ट्र मंत्रालयापर्यंतचं काम घरबसल्या होतं, आणि मग आमच्याकडे यायची गरज नाही.

तुमचं एक काम अजून बाकी आहे. दोन्ही कागद दुबईला पोचले की मुलाला तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन करून घ्यायला सांगा. अरबी भाषांतर मागितलं तर तिथल्या परवानाधारक कायदेशीर अनुवादकाकडूनच करून घ्या, इथून करून नेलेलं सहसा घेत नाहीत. आणि पाठवण्याआधी दोन्ही कागदांच्या दोन्ही बाजू स्कॅन करून घरी ठेवा. स्कॅनर नसेल तर दुकानात या, त्याचे पैसे नाहीत.